शिक्क्यामागचं पोर

माझ्या आजीला कुणी विचारलं, मुलं किती, तर ती सांगायची, "माले पाच शेतस." रेशनकार्डावर चार नावं होती. जनगणनेवाल्या बाई दारात आल्या तेव्हा वडिलांनी चार सांगितली आणि मागून आजीने पाच. बाईंनी पेन थांबवलं. वडील म्हणाले, "चारच लिहा ताई, म्हातारीला आठवत नाही." आजीला सगळं आठवत होतं. तिला पाचवा मुलगा, म्हणजे वयाने सगळ्यात पहिला, चांगला आठवत होता. तो तीन वर्षांचा होऊन गेला.

आम्ही मेंढरांमागचे लोक. साक्री तालुक्यातून दिवाळीनंतर वाडा निघायचा, तो पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि कोकरू, आणि त्यांच्या मधोमध बांधलेलं एखादं पोर. रात्री ज्याच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, त्याच शेतात चूल पेटायची. बाहत्तरच्या दुष्काळात असंच चालताना आजीच्या थोरल्याला गोवर निघाला. दवाखान्याच्या गावापर्यंत पोहोचायच्या आत तो गेला. लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. वाटेतल्या एका नाल्याच्या काठी त्याला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी वाडा पुढे निघाला, कारण मेंढरांना पाणी हवं होतं. पुढे आजोबांनी मेंढरं विकली आणि धुळ्यात देवपुरात येऊन हमाली धरली. त्या नाल्यावर घरातलं कुणी परत गेलं नाही. नाला नेमका कोणता, हे आता सांगायला कुणी उरलेलं नाही.

हा लेख त्याच्याबद्दल नाही. त्याच्याबद्दल मला माहीत आहे तेवढं वर सांगून झालं. हा लेख दुसऱ्या एका पोराबद्दल आहे. तेही मेंढपाळांच्याच घराण्यातलं, पण त्याच्या नावाने फौजा निघाल्या, लढाया झाल्या आणि तहांच्या अटी लिहिल्या गेल्या. एवढं होऊनही त्याच्याबद्दल वाचायला गेलं तर हाताला जेमतेम दहा-बारा ओळी लागतात. त्याचं नाव खंडेराव होळकर.

तुम्ही आत्ता फोनवर हे नाव शोधलं, तर बहुधा दुसरेच खंडेराव समोर येतील: अहिल्याबाईंचे पती, १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडलेले. मी सांगतोय तो खंडेराव त्यांच्यानंतर चाळीसहून जास्त वर्षांनी जन्मला आणि दहा वर्षांचाही नीट झाला नाही.

गोष्ट आपल्याच मुलखातून सुरू होते. होळकरांच्या सत्तेचा पाया घालणारे मल्हारराव १६९३ मध्ये नीरेकाठच्या होळ गावी जन्मले. वडील लवकर गेले, म्हणून आई त्यांना घेऊन माहेरी आली. माहेर होतं तळोदे, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलं तळोदा. मामा भोजराज बारगळ. मामाकडे हा पोर मेंढरं राखत वाढला. झोपलेल्या मल्हारवर नागाने फणा धरल्याची गोष्ट प्रत्येक धनगराच्या घरात सांगितली जाते. नागाचं मला सांगता येणार नाही, पण सातपुड्याच्या पायथ्याचं ते ऊन मला माहीत आहे. सावली धरणारा कुणीही तिथे देव वाटेल. पुढे मामाच्या ओळखीने मल्हारराव कदम बांड्यांच्या पथकात शिरले, मामाचीच मुलगी गौतमाबाई त्यांनी केली, आणि पेशव्यांच्या चाकरीत चढत चढत ते माळव्याचे सुभेदार झाले. मेंढ्यांच्या वाड्यापासून इंदूरच्या वाड्यापर्यंतचा हा प्रवास एका पिढीत झाला. खानदेशातले अनेक परगणे होळकरांकडे आले. तापीकाठचं थाळनेर त्यांचं होतं. धुळ्याहून नाशिकला जाताना लागणाऱ्या चांदवडला त्यांचा रंगमहाल आजही उभा आहे.

मल्हाररावांचा मुलगा कुंभेरला गेला, नातू मालेराव १७६७ मध्ये गेला. मग अहिल्याबाईंनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षं कारभार केला. फौजेचं काम त्याच कुळातल्या तुकोजी होळकरांकडे होतं. अहिल्याबाई १७९५ मध्ये वारल्या, तुकोजी ऑगस्ट १७९७ मध्ये पुण्यात वारले. तुकोजींना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव हे औरस, यशवंतराव आणि विठोजी हे दासीपुत्र मानले गेलेले. काशीराव थोरला, पण शरीराने आणि मनाने दुबळा. मल्हारराव धाडसी. दौलतराव शिंद्यांना शेजारी धाडसी होळकर नको होता. दुबळा होळकर त्यांना सोयीचा होता.

१४ सप्टेंबर १७९७ च्या रात्री शिंद्यांच्या फौजेने भांबुर्ड्यातल्या होळकरांच्या तळावर हल्ला केला. भांबुर्डं म्हणजे आजचं पुण्याचं शिवाजीनगर. मी पुण्यात नोकरी करतो. शिवाजीनगरच्या बसथांब्यावर मी कित्येकदा धुळ्याच्या गाडीची वाट पाहिली आहे, त्या मातीत काय झालं होतं याचा पत्ता नसताना. मल्हारराव त्या रात्री मारले गेले. यशवंतराव निसटून नागपूरकडे गेले, विठोजी कोल्हापूरकडे. मल्हाररावांची बायको त्या वेळी गरोदर होती.

ते पोटातलं पोर म्हणजे खंडेराव. बाप मेल्यावर जन्मलेला, आणि जन्मल्यापासून शिंद्यांच्या ताब्यात.

तो शिंद्यांना का हवा होता, हे उघड आहे. तो मल्हाररावांचा औरस मुलगा होता. ज्याच्या हातात हे मूल, त्याच्या हातात होळकरांच्या दौलतीवरचा दावा. आणि बाहेर फिरणाऱ्या यशवंतरावांनाही तो तितकाच हवा होता. यशवंतराव शूर होते, लोक त्यांच्यामागे यायचे. नागपूरकर भोसल्यांच्या कैदेतून निसटून ते आधी खानदेशात आणि मग माळव्यात शिरले, तेव्हा भिल्ल आणि पेंढारी त्यांना मिळाले. पण दासीपुत्राला गादी मागता येत नव्हती. पुतण्याच्या वतीने कारभार मात्र करता येत होता. म्हणून यशवंतरावांनी जाहीर केलं की धनी खंडेराव आहे आणि आपण त्याच्या नावाने दौलत सांभाळतोय. धनी तेव्हा रांगत असेल.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सिस्टीमला अशी काही खाती असतात की ज्यांच्या नावाने सगळे व्यवहार होतात, पण त्या नावाचा माणूस कुठेच नसतो. पासवर्ड भलत्याकडे असतो. लॉग पाहिला तर दिसतं की सगळं याच खात्याने केलं. खंडेरावाबद्दल वाचताना मला वारंवार हेच आठवत राहिलं. फरक इतकाच की या नावामागे खरंच एक माणूस होता. त्याला भूक लागायची, ताप यायचा, आणि बहुतेक सगळ्या लहान मुलांसारखी अंधाराची भीतीही वाटत असेल.

त्या काळात हे नवीन नव्हतं. सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. मराठी राज्यातल्या मोठ्या घरांत वारसाचं वय कुणी विचारत नसे, फक्त तो आहे का, हे विचारलं जाई. कागदाला शिक्का लागतो. शिक्का बोलत नाही, हाच त्याचा गुण.

खंडेरावाचं बालपण ज्या ठिकाणाशी जोडलेलं आहे ते म्हणजे असीरगड. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या खिंडीवर. आज तो मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खानदेशाची किल्ली तीच होती. फारुकी सुलतानांनी तो बळकावला, अकबराने १६०१ मध्ये तो घेतला तेव्हा खानदेश मोगलांचा झाला. भुसावळहून खंडव्याच्या गाडीत बसलात तर बऱ्हाणपूर सुटल्यावर खिडकीतून तो डोंगर दिसतो. शिंद्यांनी त्या किल्ल्यात होळकरांचा वारस ठेवला. एवढ्या उंच तटांमागे ठेवलेला कैदी चार-पाच वर्षांचा होता.

एप्रिल १८०१ मध्ये विठोजी पेशव्यांच्या हाती लागले. दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. यशवंतराव पुण्यावर चालून निघाले. वाटेत त्यांनी पेशव्यांपुढे ज्या मागण्या ठेवल्या, त्यांत एक अशी होती: विठोजी तर गेला, पण असीरगडावर ठेवलेला खंडेराव सोडा आणि त्याला होळकरांचा वारस म्हणून मान्यता द्या. बाजीरावाने वेळ काढला. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ लढाई झाली. यशवंतराव जिंकले, बाजीराव पळाला, आणि डिसेंबरात त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. मराठ्यांचं स्वातंत्र्य ज्या तहाने गेलं असं आपण शाळेत शिकतो, त्याच्या आधीच्या मागण्यांत एका पाच वर्षांच्या पोराची सुटका होती. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नसतं म्हणा.

आता यशवंतराव पुण्याकडे ज्या वाटेने गेले तिकडे बघू, कारण ती वाट आमच्या दारावरून जाते.

१८०२ मध्ये होळकरांची फौज खानदेशातून गेली. फौज म्हणजे शिपायांपेक्षा कितीतरी जास्त माणसं, घोडे आणि बैल. त्यांना रोज दाणा-वैरण लागते, आणि पगार थकलेला असला की ती गावातून ओरबाडली जाते. गावं लुटली, गुरं नेली, पेरायला बी उरलं नाही. त्यावर पावसाने दगा दिला. १८०३-०४ चा खानदेशातला दुष्काळ हा जुन्या गॅझेटियरमध्ये सगळ्यात भीषण दुष्काळांत धरलेला आहे, आणि गॅझेटियर त्याचं कारण आभाळाइतकंच फौजांवर टाकतं. धुळं ओस पडलं. अक्षरशः. माणसं गाव सोडून गेली. पुढच्या वर्षी विंचूरकरांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी माणसं आणून गाव पुन्हा वसवलं. कॅप्टन ब्रिग्जने इथे जिल्ह्याचं ठाणं केलं ते त्याच्याही नंतर, इंग्रज आल्यावर. पांझरेच्या दक्षिणेला जुनं धुळं, नवं धुळं; उत्तरेला आमचं देवपूर. आम्ही सगळे धुळेकर त्या रिकाम्या झालेल्या गावात नंतर येऊन राहिलेले लोक आहोत.

ती फौज खंडेरावाच्या नावाने निघाली होती. एका पोराला सोडवायला निघालेल्या फौजेने वाटेत किती पोरं उपाशी मारली? आकडा कुठे नाही. त्या पोरांची नावं तर कुठेच नाहीत. त्यांत मेंढरांमागची पोरं असणारच, कारण फौज आधी पाहते ती हलती दौलत: गुरं, मेंढरं, घोडी. शेतकऱ्याचं शेत तरी मागे राहतं. मेंढपाळाचं सगळं चार पायांवर असतं.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण यशवंतराव आमच्या घरात पूज्य आहेत. माझ्या चुलत्यांच्या मोबाईलवर त्यांचा फोटो आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शिंदे-भोसले हरल्यानंतर एकट्याने इंग्रजांशी झुंजणारा हा माणूस होता. १८०४ मध्ये त्यांनी कर्नल मॉन्सनची फौज धुळीला मिळवली. लेक त्यांचा पाठलाग करत पंजाबपर्यंत गेला, आणि २४ डिसेंबर १८०५ ला बियासच्या काठी तह झाला, तोही पुष्कळसा मुलूख परत मिळवून. पण आमचा पूर्वज, जो कोण असेल तो, १८०३ मध्ये कुठल्या बाजूला होता? घोड्यावर बसलेला, की ज्याची मेंढरं नेली तो? माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे. फोटो मात्र आम्ही पहिल्याचा लावतो.

खंडेराव सुटला तो १८०३ मध्ये. इंग्रजांविरुद्ध होळकरांनी सोबत यावं म्हणून शिंद्यांनी त्याला सोडलं आणि तो काकाकडे आला. काका सोबत आले नाहीत, तो वेगळा इतिहास. ऑक्टोबरात स्टीव्हन्सनने असीरगड घेतला तेव्हा हे पोर तिथे नव्हतं. यानंतरची दोन-अडीच वर्षं ते होळकरांच्या छावणीसोबत असेल, लढाया आणि माघारींच्या मधल्या धुळीत.

पंजाबातून परतल्यावर यशवंतरावांपुढे पैशाचा प्रश्न उभा राहिला. फौज मोठी, मुलूख लुटून संपलेला, पगार थकलेले. स्वारांनी बंड केलं. थकबाकीला जामीन म्हणून यशवंतरावांनी खंडेरावाला त्यांच्या स्वाधीन केलं. तेव्हा बंडवाल्यांनी त्याचंच निशाण उभारलं: खरा धनी हाच, यशवंतराव नुसते कारभारी. जे वाक्य आठ वर्षं यशवंतराव स्वतः बोलत होते, तेच आता त्यांच्यावर उलटलं. त्यांनी इकडून तिकडून पैसा उभा केला, पगार चुकते केले, बंड शमलं. आणि त्यानंतर लवकरच, १८०६-०७ च्या सुमारास, खंडेराव मेला.

जॉन माल्कमने १८२३ मध्ये आणि ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या पुस्तकांत हे मरण विषप्रयोगाचं म्हणून येतं, आणि बोट यशवंतरावांकडे दाखवलेलं आहे. पाठोपाठ काशीरावही मारला गेला. १८०८ पासून यशवंतरावांचं मन बिघडत गेलं आणि ऑक्टोबर १८११ मध्ये ते भानपुऱ्याला वारले. त्या वेडात अपराधाची बोच होती असं मानणारेही होते.

माल्कम कोण होता, हेही लक्षात ठेवायला हवं. महिदपूरच्या लढाईत होळकरांविरुद्ध लढलेला आणि पुढे माळव्याचा कारभार पाहिलेला हा अधिकारी. जिंकलेल्या घराण्याची गुपितं लिहिताना जेत्याची लेखणी सैल सुटते. म्हणून आज पुष्कळ लोक म्हणतात की हा इंग्रजांनी लावलेला डाग आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सत्तेसाठी काय नाही होत. समाजमाध्यमांवर हा वाद पेटला की दोन दिवस चालतो. मी एकदा पूर्ण धागा वाचून काढला. शेकडो प्रतिसाद होते. काका दोषी की निर्दोष, यावर सगळे बोलत होते. पोर कसं जगलं, यावर एकानेही एक ओळ लिहिली नव्हती. मेल्यावर दोनशे वर्षांनीही तो शिक्काच राहिला होता, फक्त आता वेगळ्या लोकांच्या हातातला.

मला वाटतं, विषाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी आपल्याला पुरेसं कळतं. त्याला ज्यांनी कैद केलं, ज्यांनी सोडवलं, ज्यांनी जामीन ठेवलं आणि ज्यांनी त्याचं निशाण उभारलं, त्या सगळ्यांना त्याचं नाव हवं होतं. पगार मिळाल्यावर बंडवाले घरी गेले. ज्या दिवशी तो कुणाच्याच कामाचा उरला नाही आणि कुणाला तरी अडचणीचा झाला, त्या दिवसानंतर तो फार जगला नाही. विष असो की ताप, एवढा क्रम सगळ्यांना मान्य आहे.

त्यानंतर घराण्याने काय केलं? तेच. यशवंतराव गेल्यावर त्यांचा मुलगा मल्हारराव गादीवर बसला, वय पाच-सहा. कारभार तुळसाबाईंकडे. २० डिसेंबर १८१७ ला त्यांच्याच लोकांनी तुळसाबाईंना मारलं, दुसऱ्या दिवशी महिदपूरला होळकर हरले, आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. अकरा वर्षांच्या त्या पोराच्या नावाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांना दिला गेला. म्हणजे आपला खानदेश. थाळनेरच्या किल्लेदाराने, तुळशीराम मामांनी, किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारीला हिस्लॉपने तो घेतला, आतली माणसं कापली आणि किल्लेदाराला फाशी दिली. गुन्हा काय, तर धन्याने सही केलेला तह मानला नाही. आणि धनी अकरा वर्षांचा.

गेल्या दिवाळीत मी मोटरसायकलवर थाळनेरला गेलो. तापीकडे खचलेली माती, ढासळलेले बुरूज. तिथे एक मेंढपाळ भेटला, वाडा नदीकाठी उतरला होता. त्याची चार-पाच वर्षांची मुलगी कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मी त्याला होळकर, किल्लेदार वगैरे सांगू लागलो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा वाडा कुठला?" मी म्हटलं, आजोबांनी मेंढरं विकली. तो "हं" म्हणाला आणि मुलीला सावलीत बस म्हणून ओरडला.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचा टाक करतात. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकलेली आकृती, देव्हाऱ्यात इतर देवांशेजारी. टाक साधारण कर्त्या माणसाचा होतो. ज्याने काही केलंच नाही, त्या पोराचा कोण करणार? इतिहासही याच रीतीने चालतो. त्याला कर्ता लागतो. खंडेरावाने आयुष्यात काहीच केलं नाही, म्हणून त्याच्याबद्दलच्या प्रत्येक वाक्यात कर्ता दुसरा असतो: शिंद्यांनी ठेवलं, काकाने मागितलं, बंडवाल्यांनी उभं केलं. त्याचं स्वतःचं असं एकच क्रियापद आहे, आणि ते "मेला".

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. दहाव्याला सगळे जमले तेव्हा चुलत्यांनी मला, म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरवाल्याला, कुळाची वंशावळ टाईप करायला सांगितली. मी तक्ता केला. आजीखाली चार रकाने केले, मग थांबलो आणि डावीकडे पाचवा घातला. जन्मसाल मोजून काढलं: एकोणसत्तर. मृत्यू बाहत्तर. नाव विचारलं तर चुलत्यांना आठवेना. आत्याला आठवत होतं. आजी संध्याकाळी चुलीपुढे कधीकधी ते घ्यायची, ती म्हणाली.

चुलते म्हणाले, "कशाला लिहितोस, तो काही कुळात चालला नाही." मी म्हटलं, आजी पाच सांगायची. यावर ते काही बोलले नाहीत. तक्ता छापून आणला तेव्हा मात्र सगळ्यात आधी त्यांनी तोच रकाना बोटाने शोधला.